सामाईक वाफा

आक्का, लसूण काढला एकदाचा. तुम्ही म्हणाला होतात सोमवारी काढू. मी काढला त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. तुमच्या हिशोबानं नऊ दिवस उशिरा. माझ्या हिशोबानं मात्र वेळेवरच, कारण अजून आठ दिवस राहू द्या म्हणून मीच तुमच्या मागं लागले होते. तीसेक वर्षं दर फाल्गुनात आपण याच एका गोष्टीवरून भांडलो आणि दर फाल्गुनात तुमचंच खरं झालं. यंदा पहिल्यांदा माझं खरं झालं. ते कशानं झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी आपण दोघी विहिरीशेजारच्या वाफ्याच्या कडेला उभ्या होतो. पाणी तोडून आठवडा झाला होता. तुम्ही वाकलात, एक पात मानेशी चिमटीत धरून दाबून बघितलीत आणि म्हणालात, "सुमे, सोमवारी काढायचा. माना पडाया लागल्यात."

"आवो, दोन पाती हिरव्या हायती आजून. आठ दिस ऱ्हाऊ द्या की. गड्डा फुगंल."

"दोन हिरव्या हायती तवाच काढत्यात. समद्या वाळल्या मंग काय काढती, फुटाने?"

"करा, तुमचंच खरं करा. लसून काय तुमच्या बापाचा हाय व्हय?"

"माझ्या बापाचा न्हाई आन तुझ्या बी न्हाई. सासूचा हाय. चल, च्या टाक."

मी चहा टाकला. तुम्ही बशीत ओतून, फुंकून प्यालात, गुडघ्यावर हात ठेवून उठलात आणि तुमच्या दाराकडं गेलात. आपली दारं दहा पावलांवर. त्या दहा पावलांत तुम्ही वळून काही बोलला असतात तर आता मी ते धरून बसले असते. पण तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मीही आत जाऊन भाकरीचं पीठ काढायला लागले. माझं तुमच्याशी शेवटचं भांडण बापावरून झालं. थोरल्या जावेचा बाप काढणारी धाकटी म्हणून मला खरं तर गावानं वाळीत टाकायला पाहिजे.

रविवारी सकाळी तुमच्या दाराची कडी वाजली नाही. पुढचं सगळं लोकांनी केलं. अंगणात माणसं बांबू बांधत होती तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू का? मनात आलं, उद्या सोमवार. माझी मलाच लाज वाटली. मग वाटलं, तुम्ही असतात तर तुमच्याही मनात हेच आलं असतं. आणि तुम्हाला लाजही वाटली नसती.

सोमवारी सकाळी खुरपं घेऊन मी वाफ्यावर गेले होते, आक्का. खरंच गेले होते. बसलेसुद्धा. तेवढ्यात भावकीतल्या तानूआत्या कांद्याच्या वावरातून येताना दिसल्या. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं सुमन, काल मानूस गेलं आन आज माती उकरतीस? सुतकात जमिनीतलं काय उपटू न्हाई. धा दिस हात लावू नगं."

मी उठले, खुरपं पदराखाली घेतलं आणि घरी आले. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना अक्षरं शिकवली, वजनं केली, रजिस्टरं भरली, साहेबांपुढं उभं राहून उत्तरं दिली. पण भावकीतल्या एका म्हातारीपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही मला नेहमी म्हणायचात, "तू शिकलीस, पर तुझा कना काय शिकला न्हाई." त्या सोमवारी तो कणा पुन्हा नापास झाला.

आणि मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मला चांगलं माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी आमचे हे गेले तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. लसूण लावायचे दिवस. चौथ्या दिवशी तानूआत्याच मला सांगायला आल्या होत्या, की तुझी जाऊ पाटीत कुड्या घेऊन विहिरीवर गेली आणि लावत बसली आहे. माझ्या अंगाची लाही झाली. माझा नवरा, हिचा सख्खा दीर, राखेत अजून ऊब असेल, आणि हिला लसणाचं पडलंय! तुम्ही संध्याकाळी नखांत माती घेऊन परत आलात तेव्हा मी सगळ्या बायकांदेखत तुम्हाला विचारलं. तुम्ही हात धुता धुताच उत्तर दिलंत.

"सुतक मानसाला, सुमे. मातीला कसलं आलंय सुतक? कुड्यांस्नी कोंब आल्यात. त्या काय तुझ्या धाव्याला थांबत्यात व्हय?"

त्यानंतर महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. चार महिने घराबाहेरही पडले नाही. आणि मग फाल्गुनात एके सकाळी तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. "ऊठ. काढनी हाय. एकटीनं न्हाई व्हायाची." एवढंच म्हणालात. मी उठले, का उठले ते मला अजून कळलेलं नाही. वाफ्यावर तुम्ही पहिला गड्डा उपटून माती झटकलीत आणि माझ्या हातात दिलात. बघ, कसा भरलाय म्हणालात. आणि मी तिथं, भर उन्हात, वाफ्यातच बसून रडले. घरात इतकी माणसं असताना जे रडता आलं नव्हतं ते रडले. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीत. गप्प बस म्हणाला नाहीत. तुम्ही आपल्या एकेक गड्डा उपटत होतात, झटकत होतात, ओळीनं ठेवत होतात. माझं आटोपेपर्यंत तुमच्या दोन ओळी झाल्या होत्या. मला कुणी समजावलं नाही, असं त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच घडलं होतं. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता दाखवते आहे. ऐकायला तुम्ही नाही, म्हणून सोपं जातंय.

एवढं सगळं गाठीशी असून मी दहा दिवस थांबले. रोज सकाळी पाणी आणायच्या निमित्तानं वाफ्यावर जायचे आणि बघून यायचे. मंगळवारी दोन हिरव्या पातींपैकी एक गेली. गुरुवारी दुसरी पिवळी पडली. शनिवारी सगळा वाफा आडवा झाला होता, आणि ऊन असं, की मातीला भेगा. मला दिसत होतं काय होतंय ते. हात नुसते खाजत होते. पण दशक्रियेच्या तयारीत घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि त्यातली प्रत्येक बाई माझ्या येण्याजाण्यावर डोळा ठेवून आहे असं मला वाटायचं. खरं तर कुणी बघत नसेल. कुणाला लसणाचं काय पडलंय? आपल्या गावात कांदा म्हणजे पीक. बाकीचं सगळं कोथिंबिरीसारखं, असलं तर असलं. पण मी थांबले. सुतक आपल्या दोन्ही घरांना होतं, ते मी लसणालाही पाळायला लावलं.

बुधवारी, दहावा उरकल्यावर दुसऱ्या दिवशी, मी गेले. आणि आक्का, पहिली पात धरून ओढली तर नुसती पातच हातात आली. गड्डा जमिनीतच. दुसरी ओढली, तीही तशीच. मान वाळून खडखडीत झाली होती. मग खुरप्यानं एकेक गड्डा खणून काढावा लागला. त्यात कित्येकांना खुरप्याचं पातं लागलं. आणि जे नीट निघाले, त्यातलेही निम्मे फुटलेले. वरचा पापुद्रा उसवून कुड्या एकमेकींपासून बाजूला झालेल्या. असा गड्डा टिकत नाही हे मला तुम्हीच शिकवलंत. कातडं फाटलं की लसूण आषाढ बघत नाही, असं तुम्ही म्हणायचात. मी तिथं बसून चांगले गड्डे एकीकडं आणि फुटके एकीकडं ठेवत गेले, आणि फुटक्यांचा ढीग मोठा होत गेला. मला माझी चीड आली. तानूआत्यांची नाही, माझीच. सासूबाईंनी माहेरून पदरात बांधून आणलेलं बेणं. एवढ्या दुष्काळांत तुम्ही ते मरू दिलं नाहीत. विहीर आटली त्या वर्षी तुम्ही भांडी धुतलेलं पाणी घमेल्यानं वाहिलंत. आणि मी एका वाक्याला भिऊन ते घालवायला निघाले होते.

दुपारी दत्तू आला. तुमचा मुलगा आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. दिवस त्यानं सगळे रीतसर केले, तेराव्यापर्यंत चाकणच्या कंपनीत रजा टाकून राहिला. बांधावर मोटारसायकल उभी करून म्हणाला, "काकी, कशापायी ऊन खाताय? नगरला पायजे तेवढा लसून मिळतोय."

"हा मिळत न्हाई," मी म्हटलं.

तो हसला. मग जरा वेळानं, बूट काढून माझ्याशेजारी बसत म्हणाला, "काकी, आता हा वाफा तुमचाच म्हना. आमी कुठं यायचो लसून लावायला? हाय तुमच्याच वाटनीत, तुमीच बघा काय करायचं ते. कांद्याचं रोप टाका पायजे तर."

वीस वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं, आक्का.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. घराची वाटणी झाली तो. भावकीतले चौघे ओट्यावर बसलेले, दोघे भाऊ एकमेकांकडं न बघता पान चघळत बसलेले, आणि आपण दोघी आपापल्या दारात. भांडी, जनावरं, वावर, सगळं वाटलं गेलं. तुम्ही कशावर अडून बसला नाहीत. मोठा हंडा सुमेला द्या म्हणालात. दुभती म्हैस आमच्याकडं आली तरी हूं की चूं केलं नाहीत. आणि मग विहिरीशेजारचा तुकडा आमच्या वाट्याला गेला, तेव्हा तुम्ही पदर सावरून पहिल्यांदा तोंड उघडलंत. "लसनाचा वाफा तेवढा वाटू नगा. त्यो सामाईक ऱ्हाऊ द्या."

सगळे बघतच राहिले. एवढंसं वाफाभर रान, त्यासाठी एवढा हट्ट! पंचांनी हसून मान डोलावली. मी मात्र त्या रात्री यांना म्हटलं, बघा तुमची वहिनी. आपल्या विहिरीजवळ पाय रोवून ठेवायची युक्ती आहे ही. आज वाफा, उद्या पाणी. ते म्हणाले, जाऊ दे गं. मी जाऊ दिलं नाही. पुढची तीन वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही.

पण लसूण लावायला तर एकत्र यावंच लागायचं. रान सामाईक, बेणं सामाईक. एकीनं सरी ओढायची, दुसरीनं कुड्या टोचायच्या. एकीनं खुरप्यानं माती सैल करायची, दुसरीनं उपटायचं. ती तीन वर्षं आपण कशी काढली! तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही आपल्या मोत्या कुत्र्याकडं बघून म्हणायचात, "मोत्या, तांब्या रिकामा झाला म्हनावं." मी तांब्या भरून आणायचे आणि मोत्यालाच सांगायचे, "मोत्या, फार खोल लावू नगा म्हनावं." त्या बिचाऱ्या कुत्र्याला जेवढं लसणातलं कळत होतं तेवढं तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला कळत नसेल.

तिसऱ्या वर्षी पडवीत लसूण पसरला होता आणि मी त्यात बसून पाला निवडत होते. तुम्ही पलीकडं. एकदम तुम्ही ओरडलात, "सुमे, पाय उचल!" बारदानाखालून विंचू निघाला होता, माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर. तुम्ही चप्पल काढून तो ठेचलात, चप्पल पुन्हा पायात घातलीत आणि खाली बसलात. मग दोघी पाला निवडत राहिलो. शेवटी मी म्हटलं, "च्या टाकू का?" तुम्ही इकडंतिकडं बघितलंत आणि म्हणालात, "मला इचारतीस का मोत्याला?" आणि मला हसू फुटलं. तुम्हालाही फुटलं. हसता हसता तुम्हाला ठसका लागला आणि मी तुमची पाठ चोळली. भांडण कधी मिटलं असं कुणी विचारलं तर मी विंचवाचं नाव सांगते.

वाफा सामाईक ठेवा असं तुम्ही का म्हणालात, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली तोवर विचारायची गरज उरली नव्हती. दत्तू बोलून निघून गेला आणि मी एकटी त्या वाफ्यात खणत बसले, तेव्हा मला ते मांडून ठेवल्यासारखं दिसलं. एकेका घरातल्या जावा एकदा भिंत घातली की एकमेकींचं तोंड न बघता म्हाताऱ्या होतात. आपल्या गावात अशी पाच घरं मी बोटावर मोजून दाखवीन. तुम्हाला ते नको होतं. बोलायला येणार नव्हतं, पाया पडणं तुमच्या स्वभावात नव्हतं, आणि मी तर तेव्हा फणाच काढून बसलेली. म्हणून तुम्ही एकटीनं न होणारं एक काम तेवढं मधे ठेवून दिलंत. मी त्याला युक्ती म्हटलं होतं. युक्तीच होती ती. फक्त पाण्यासाठी नव्हती.

आता वाफा माझा झाला. भांडणात माझं खरं झालं. सगळं माझ्या मनासारखं होत चाललंय.

काढलेला लसूण पडवीत सावलीला पसरला. तुमच्या पद्धतीनं, एका ओळीच्या गड्ड्यांवर दुसऱ्या ओळीची पात, म्हणजे गड्ड्याला तिरपं ऊनही लागत नाही. पण पात होतीच कुठं झाकायला? होती ती चुरा होऊन पडत होती. मग वरून बारदान टाकलं. रोज सकाळी एकेक गड्डा उलटा केला. वारा लागू दिला. आठ-दहा दिवस हेच काम. तेरावा झाला, आत राहणारं कुणी नाही म्हणून दत्तू तुमच्या घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं देऊन गेला. "काकी, अधनंमधनं झाडून घ्या," म्हणाला. मी अजून उघडलेलं नाही.

तेव्हापासून दिवस फार लांब झालेत. कामं आहेत, नाही असं नाही; पण काम झालं की ते झालं म्हणून सांगायला माणूस लागतं. लेकीला पुण्याला फोन केला. म्हटलं, निम्मा लसूण फुटला गं. ती म्हणाली, आई, फुटला तर फुटला, त्यात काय एवढं, तू जेवलीस का वेळेवर? चांगली आहे पोर, काळजी करते. पण फुटला म्हटल्यावर ज्या बाईनं मला सणसणीत शिवी हासडली असती, ती बाई मला हवी होती. आणि दुसरं एक ध्यानात आलं. लेक मला आई म्हणते, दत्तू काकी म्हणतो, गाव मला अजून बाई म्हणतं, तानूआत्याही सुमन म्हणतात. सुमे म्हणणारं आता कुणी उरलं नाही. सत्तरी जवळ आलेल्या बाईला कुणी सुमे म्हणून हाक मारावी असं वाटणं बरं नव्हे, पण वाटतं खरं.

मग वेण्या घालायचं ठरवलं. दरवर्षी आपण पडवीत समोरासमोर बसायचो. तुम्ही वेणीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचात आणि पात गुंफायचात, मी एकेक गड्डा हातात देत जायची. मोठे खाली, लहान वर. तुमच्या वेण्या अशा घट्ट, की पुढच्या दिवाळीला सोडायला सुरी लागायची. यंदा मी ओलं बारदान रात्रभर उरल्यासुरल्या पातीवर ठेवलं, मऊ पडेल म्हणून. टोक पडवीच्या खांबाला बांधलं. तीन गड्डे गुंफले आणि पात मधेच तुटली. पुन्हा घातली, पुन्हा तुटली. उशिरा काढलेल्या लसणाची वेणी होत नाही, हेही तुम्ही सांगितलं असेलच कधीतरी. मी ऐकलं नसेल. शेवटी कात्री आणली, राहिलेल्या माना कापल्या आणि सुटाच ठेवला. आढ्याच्या खुंट्या रिकाम्याच आहेत.

एक मात्र झालं. बेण्यापुरते गड्डे निघाले. एकेक हातात घेऊन, दाबून, कानाशी हलवून निवडले. ज्याचा पापुद्रा अखंड, कुडी हलत नाही, तेवढेच घेतले. एक पाटी भरली, शिगोशीग नाही, पण भरली. ती वारा लागेल अशी उंच ठेवली आहे. दिवाळीनंतर लावीन. सरी कोण ओढेल ते तेव्हा बघू. मीच ओढीन आणि मीच टोचीन. वेळ दुप्पट लागेल, लागू दे. तानूआत्या कालपरवा येऊन पाटीकडं बघत म्हणाल्या, "निघालं म्हनायचं बेनं." मी म्हटलं, "तुमी आडवलं नसतं तर लई निघालं असतं." त्या चमकून बघायला लागल्या. मीही चमकले. असलं उत्तर माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

बेणं बाजूला काढल्यावर उरलेल्या लसणाचे वाटे घालायचे, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत. एकीनं वाटे घालायचे आणि दुसरीनं उचलायचा. उचलणारी आपल्या मनानं हवा तो वाटा घेणार, म्हणून घालणारी आपोआपच सारखे घालते. आणि दुसरी उचलत असताना घालणारीनं पाठ फिरवून बसायचं. डोळ्यांनी खुणवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. वाटे घालायचं काम थोरलीचं, म्हणजे कायम तुमचं. उचलायचं काम माझं.

आक्का, तुम्हाला वाटे सारखे घालता येत नाहीत असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. एकात निवडक मोठे गड्डे, दुसऱ्यात बारके. मी मनातल्या मनात हसायची. अंगणवाडीत ग्रॅमवर वजन करायची सवय असलेली बाई मी. मला एका नजरेत कळायचं. मी निमूट मोठा वाटा उचलायची आणि तुमचा अंदाज कच्चा म्हणून खुशीत घरी जायची. अबोल्याच्या तीन वर्षांत तर मुद्दाम, टेचात उचलला. मग एका वर्षी मी हात धुवायला आत गेले होते, परत येताना दारातून दिसलं. तुम्ही एका वाट्यातला एकेक मोठा गड्डा वेचून दुसऱ्यात टाकत होतात. घाईघाईनं, चोरी करत असल्यासारख्या. मी दोन पावलं मागं सरले, खाकरले आणि मग बाहेर आले. तोवर तुम्ही पाठ फिरवून बसला होतात.

मी त्या वर्षीही मोठाच वाटा उचलला. आणि त्यानंतर दरवर्षी. कळत असूनही. का, म्हणाल तर हावरेपणा नव्हता. लसूण तो केवढासा, आणि घरात खाणारी मी एकटी. पण वर्षातून एकदा कुणीतरी आपल्या वाट्याचं काढून गुपचूप माझ्या वाट्याला टाकतंय, हे मला फार आवडायचं. बोलले असते तर तुम्ही तोंडाचा पट्टा सोडला असता आणि पुढच्या वर्षीपासून ते बंद केलं असतं. म्हणून मी तुम्हाला कच्च्या अंदाजाची ठरवलं आणि तुम्ही मला हावरी ठरवलं असेल. तुम्ही मला हावरी समजून गेलात का, आक्का? एवढं एकच मला विचारायचं होतं.

काल दुपारी पडवीत बारदान अंथरलं. वाटे पहिल्यांदाच माझ्या हातून पडत होते. आधी सारखे घातले, सवयीनं, अगदी गड्ड्याला गड्डा लावून. मग एकातले मोठे वेचून दुसऱ्यात टाकले. अजून थोडे टाकले. आंधळ्यालाही चाचपून कळेल एवढा फरक झाला तेव्हा थांबले. आणि विहिरीकडं तोंड करून, वाट्यांकडं पाठ करून बसले.

"उचला, आक्का," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.

वरचा पत्रा उन्हानं तडतडत होता. लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू होती. मी घाई केली नाही. गुडघ्यामुळं तुम्हाला वाकायला वेळ लागायचा.

मोटर बंद झाली तेव्हा मी वळून बघितलं. दोन्ही वाटे होते तिथंच होते.